खिशातली तार

माझी मुलगी सोमवारी लांज्याला वारली. मला ते मंगळवारी दुपारी बहरीनमध्ये कळलं. ज्यांनी सांगितलं त्या इंग्रज होत्या. त्या एके काळी नटी होत्या.

मुलगी माझ्या आईकडे होती. आठवं वर्ष सरत आलं होतं. पाचव्या वर्षी ती माझ्याबरोबर बोटीने बहरीनला आली होती, पण तिथला दमटपणा तिला सोसला नाही. कान फुटायचे, छाती भरायची. एसी लावला की खोकला, बंद केला की घामोळं. डॉक्टर म्हणाले, थोडी मोठी होऊ दे. म्हणून तिला परत आईकडे ठेवलं आणि पुढच्या जूनमध्ये आणू असं ठरवलं. दर जून आला की आम्ही पुढचा जून म्हणत गेलो.

माझे यजमान हिद्दकडच्या एका इंग्रज कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आम्ही जिदहफ्सला एका घराच्या दोन खोल्यांत राहत होतो. पलीकडच्या दोन खोल्यांत रत्नागिरीचं एक कुटुंब होतं, स्वयंपाकघर सामाईक. त्या घरातल्या वहिनींशी माझं बरं जमायचं, पण दुपारचा वेळ मला खायला उठायचा. मी इंग्रजी घेऊन बी. ए. केलं होतं. जवळची पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचून झाली होती. अशात एक दिवस साहेबांनी यजमानांना विचारलं, तुझी बायको इंग्रजी मोठ्याने वाचू शकेल का? साहेबांची आई त्यांच्याकडे राहायला आली होती. नव्वदीला टेकलेली, काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेले. तिला रोज दुपारी कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

मला न्यायला कंपनीची गाडी येई. गाडी चालवणारे चाचा दाभोळचे. मुसलमान, वयाने माझ्या वडिलांएवढे, मला बाय म्हणायचे. गाडीत बसले की त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

"काय गो बाय, म्हातारी आज तुला बोटीवर नेणार की थेटरात?"

"बघू या, चाचा. काल बोटीवर होतो."

"वादळ होतं?"

"होतं."

"गेल्या आठवड्यापेक्षा मोठं?"

"बरंच मोठं."

"म्हणजे तब्येत बरी आहे," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

मी त्यांना मॅडम म्हणायचे. त्या इंग्रजीतच बोलत. इथे मी त्यांचं बोलणं माझ्या भाषेत लिहिते आहे. त्यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावचा. वडिलांचं दोरखंडांचं दुकान होतं. सतराव्या वर्षी त्या घर सोडून एका फिरत्या नाटक मंडळीत गेल्या. लंडनमध्ये काही वर्षं ट्रे घेऊन येणारी मोलकरीण, नायिकेची मैत्रीण, निरोप आणणारी मुलगी अशी कामं केली. मग अमेरिकेतला एक व्यवस्थापक इंग्रज मुली निवडायला आला. तिकडच्या लोकांना विलायती उच्चार ऐकायला आवडायचे. त्याने यांना दोन वाक्यं म्हणायला लावली आणि घेऊन गेला.

ती पहिली सफर ऐन हिवाळ्यात झाली. दुसऱ्या वर्गाच्या खोलीत चौघी जणी. तालमी जेवणघरात व्हायच्या, कारण तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. एकीने वाक्य म्हणायचं आणि दुसरीने तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायचं. हे सांगताना मॅडम उठून उभ्या राहत आणि डोलणाऱ्या बोटीवर सरळ कसं चालायचं ते मला दाखवत. मीही मुंबईहून डेकवर चटई टाकून आले होते, मस्कतच्या अलीकडे दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरलं नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुला समजावून सांगायला नको." त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा बरोबरीने बोलू लागल्या.

न्यूयॉर्कला नाटक चाललं. तिथून आगगाडीने गावोगाव. पेटाऱ्यांतले कपडे ओलेच राहायचे. बिऱ्हाडवाल्या बाया नट्यांना मागच्या दाराने यायला सांगायच्या. पुढे वर्ष-दीड वर्षाने पुन्हा इंग्लंड, पुन्हा अमेरिका. इंग्लंडमध्ये जाहिरातीत त्यांच्या नावाखाली अमेरिका गाजवून आलेली असं छापायचे आणि अमेरिकेत लंडनची असं. "मी नेहमी समुद्राच्या पलीकडची होते," त्या म्हणत. "दोन्ही बाजूंना." पहिल्या प्रतीची नटी त्या कधीच झाल्या नाहीत आणि हे त्या स्वतःच सांगत. पहिल्या प्रतीची नटी आजारी पडली की तिच्या जागी उभं राहायला घ्यावी अशी त्यांची ख्याती होती.

एकदा मी त्यांना सांगितलं, त्या काळी आमच्याकडे रंगभूमीवर बायकांची कामं पुरुष करायचे. नऊवारी नेसून, अंबाडा घालून. आणि ते इतके सुंदर दिसायचे की घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकायच्या.

मॅडम बराच वेळ हसल्या. "म्हणजे तुमच्याकडे मला कामच मिळालं नसतं."

"नसतंच मिळालं."

"फार बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. त्यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

त्यांचं तिकडच्याच एका नटाशी लग्न झालं होतं. मुलगी झाली. नवरा अमेरिकेतच राहून दुसरीकडे रमला. साहेब हे मॅडमच्या बऱ्याच पुढे झालेल्या दुसऱ्या लग्नाचे. मुलगी त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीकडे, त्या बंदराच्या गावी ठेवली, कारण बोटीवर आणि आगगाडीत मूल वाढवता येत नाही. दर दौऱ्याला त्या तिला सांगत, पुढच्या वेळी तुला नेते.

मुलगी सहा वर्षांची असताना घटसर्पाने गेली. मॅडम तेव्हा अमेरिकेत दौऱ्यावर होत्या. बहिणीची तार दुपारच्या खेळाआधी थिएटरवर आली. व्यवस्थापकाने ती वाचली आणि कोटाच्या खिशात ठेवली. नाटकवाल्यांत ती रीतच होती. पडदा पडेपर्यंत नटाला वाईट बातमी सांगायची नाही. पण या व्यवस्थापकाने ती दौरा संपेपर्यंत ठेवली. दौऱ्याचे काही दिवसच राहिले होते आणि बोट तशीही त्याआधी नव्हती. बरोबरच्या सगळ्यांना त्याने सांगितलं आणि गप्प राहायला बजावलं. कपडे चढवणाऱ्या बाईला माहीत होतं. नायकाला माहीत होतं. त्या आजारी पडल्या तर जी मुलगी त्यांच्या जागी उभी राहणार होती तिलाही माहीत होतं.

"मला काही कळलं नाही," मॅडम म्हणायच्या. "सगळे माझ्याशी अचानक चांगले वागायला लागले. मला वाटलं, माझं काम त्यांना आवडतंय. मग मी आणखी चांगलं काम केलं. वर्तमानपत्रांनी माझं नाव घेऊन लिहिलं. तेवढ्याच दिवसांत. त्याआधी नाही आणि नंतरही नाही."

त्या नाटकाच्या पोशाखातला त्यांचा एक फोटो भिंतीवर होता. मोठी टोपी, हातात हातमोजे, तोंडावर हसू. तो त्याच दिवसांत काढला होता. त्यांना तो आता दिसत नव्हता, पण कुणी जरा तिरका केला तर त्यांना कसं कोण जाणे कळायचं.

बाकीच्या गोष्टी त्या दर वेळी थोड्या बदलून सांगत. वादळं वाढायची, टाळ्या वाढायच्या. ही गोष्ट मात्र दर वेळी त्याच शब्दांत यायची.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी म्हणाले, "आमच्यातही असंच करतात."

ते खरं होतं. आमच्यात बहरीनमध्ये कुणी मरत नसे. सिरीयस होत असे. देशात कुणाचे वडील गेले, बायको गेली, तर इथल्या माणसाला सांगायचं, सिरीयस आहे, निघ. पासपोर्ट कंपनीकडे, रजेचा अर्ज, तिकीट, या सगळ्यात दोन-तीन दिवस जात. तेवढे दिवस त्याने जेवावं, झोपावं, विमानात धड बसावं, म्हणून. मुंबईला उतरवून घ्यायला आलेल्या माणसानेही घरी पोचेपर्यंत सिरीयसच म्हणायचं. आणि तरी प्रत्येकाला आतून कळत असे, कारण एरवी कुणी देशात निघालं की त्याच्या बॅगेत सगळ्यांची पुडकी असायची. साबण, कापड, कुणाच्या आईला बाम, कुणाच्या भावाला टॉर्च. सिरीयसवाल्याकडे कुणी पुडकं आणत नसे. रिकाम्या बॅगेवरून माणसाला कळायचं. पण तो बोलायचा नाही, आणि आपणही बोलायचं नाही.

मी मॅडमना म्हणाले, "दयेपोटी करतात तसं."

"कुणावर दया?" त्या म्हणाल्या. "तो व्यवस्थापक मला एकदा म्हणाला होता, तुला रडताना पाहायची माझ्यात ताकद नव्हती. निदान खरं तरी बोलला."

मला आमची रीत बरोबर वाटत होती.

त्या मंगळवारी चाचांनी बोटीचा प्रश्न विचारला नाही. उन्हाबद्दल बोलले, पेट्रोलबद्दल बोलले, मुहर्रकच्या पुलावरच्या गर्दीबद्दल बोलले, एकदाही थांबले नाहीत. उतरताना म्हणाले, "बाय, आज लवकर घरी नेतो तुला. यल्ला, जा." मला वाटलं, त्यांना काही काम असेल.

मॅडम खुर्चीत होत्या. मी नेहमीच्या जागी बसले, पुस्तक उघडलं, खूण काढली.

"पुस्तक मीट," त्या म्हणाल्या.

मी मिटलं.

"माझा मुलगा जेवायला घरी आला होता. सकाळी त्याच्या ऑफिसात तुझ्या भावाचा मुंबईहून फोन आला. तुझी मुलगी काल गेली. ताप डोक्यात चढला. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. तुला ती आजारी आहे एवढंच सांगायचं असं त्याने ठरवलंय. माझ्या मुलाने मलाही बजावून ठेवलंय, बोलू नकोस म्हणून."

एवढं त्या एका दमात, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत उच्चारून बोलल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी निवड दिली नव्हती. तुला मी देते आहे. आता पुढचं तू ठरव."

मी तिथे किती वेळ बसले ते आठवत नाही. एसीचा आवाज आठवतो. त्यांनी हात पुढे केला होता, तो मी धरला नाही. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की रडूच आलं नाही. आमच्या रीतीने मला दोन दिवस मिळाले असते. दोन दिवस ती फक्त आजारी राहिली असती. ते या बाईने घेतले, स्वतःच्या साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबासाठी.

चाचा मला घेऊन परत निघाले. वाटेत एकदाच म्हणाले, "बाय, पाणी पितेस?" मी नको म्हटलं. त्यांनी आरसा वळवून ठेवला होता, म्हणजे मागे बसलेली मी त्यांना दिसू नये. त्यांनाही माहीत आहे हे मला तेव्हा कळलं.

यजमान घरी येऊन बसले होते. भर दुपारी ते कधी घरी येत नसत. मला पाहून उठले आणि म्हणाले, "अगं, लांज्याहून फोन होता. म्हणजे तुझ्या भावाचा, मुंबईहून. तिला ताप आलाय. जरा सिरीयस आहे म्हणतात. उद्याची तिकिटं मिळालीत. साहेबांनीच सगळं केलं."

त्यांनी दाढी केली होती. सकाळी एकदा करून गेलेला माणूस दुपारी पुन्हा दाढी करून बसला होता. हनुवटीवर कापलं होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, मी काय विचारते त्याची वाट बघत. उत्तरं पाठ करून ठेवली असावीत.

तेव्हाच मी ठरवलं. ठरवलं असंही म्हणता येत नाही. मला एवढंच दिसलं की या माणसाकडे आता एकच काम उरलं आहे, मला न कळू देणं. त्या कामावर तो उभा आहे. ते काढून घेतलं तर तो इथेच, या खोलीत कोसळेल, आणि मग आम्हाला दोघांना कुणी लांज्याला नेऊ शकणार नाही.

मी विचारलं, "डॉक्टर कोण बघतोय?"

"रत्नागिरीहून बोलावलाय," ते म्हणाले. "चांगला आहे."

"मग उतरेल."

"उतरेल ना. मुलांचे ताप असतातच."

संध्याकाळी ते म्हणाले, "चल, बाब अल बहरीनला जाऊन येऊ. तिची वॉटरबॅग घ्यायची राहिलीय. ताप उतरला की आधी तीच मागेल."

मुलीने लाल वॉटरबॅग मागितली होती. शाळेत कुणाकडे तरी होती, दुबईची. यजमानांची चूक झाली ती इथे. सिरीयसचा निरोप आल्यावर आमच्यातलं कुणी कधी बाजारात जात नसे. त्यांना मला पटवायचं होतं की हा साधा ताप आहे. पटवण्याच्या भरात ते इतके पुढे गेले की दुसऱ्या कुठल्याही बाईला तिथेच कळलं असतं. मी चप्पल घातली आणि निघाले.

दुकानदार आमच्या ओळखीचा होता, सिंधी. त्याने तीन-चार वॉटरबॅगा काढून ठेवल्या. यजमानांनी समोरची पहिली उचलली. निळी.

"लाल सांगितली होती तिने," मी म्हणाले.

"हो, लाल." त्यांनी निळी खाली ठेवली. "भाई, लाल दो."

दुकानदार म्हणाला, "बेबी के लिए? कितनी बड़ी हो गई अब?"

यजमानांचे ओठ हलले पण आवाज आला नाही. मी म्हणाले, "आठ की होगी. पट्टा लंबा चाहिए, अभी बढ़ रही है."

दुकानदाराने लांब पट्ट्याची शोधून दिली.

घरी बॅग भरताना वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी मी देशात निघाले की त्यांची अर्धी बॅग तयार असायची. त्या दिवशी हात रिकामे होते. यजमान तिथेच होते, आमच्याकडे बघत होते. मी म्हणाले, "काय वहिनी, या वेळी काही नाही वाटतं तुमच्या आईला पाठवायला? की माझी बॅग लहान पडली?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग घाईघाईने आत गेल्या आणि पावडरचा एक डबा घेऊन आल्या. निम्मा वापरलेला. दुसरं काही त्यांना हाताशी सापडलं नसावं. "एवढा द्या हं," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ सुरू होता.

वॉटरबॅग वरच ठेवली होती. आमच्याकडे शाळेच्या वस्तूंवर नाव घालायचं काम यजमानांचं. ड्राफ्ट्समनचं अक्षर, सरळ, सगळी उंची सारखी. पाटीवर, दप्तरावर, छत्रीच्या दांड्यावर तेच नाव घालत आले होते. यावेळी नाव घालायचं राहिलं असतं तर मला कळलंय हे त्यांना दिसलं असतं. मी म्हणाले, "अहो, नाव घालून देता? तिथे कोण घालणार."

त्यांनी कंपनीतून आणलेली पांढऱ्या रंगाची बाटली काढली, बारीक ब्रश काढला. टेबलाशी बसले. मी समोर बसून कपड्यांच्या घड्या करत राहिले. ते एक एक अक्षर काढत होते आणि मधे मधे बॅग लांब धरून बघत होते. हात अजिबात हलला नाही. पूर्ण झाल्यावर त्यावर फुंकर घातली, आणि पुन्हा घातली, रंग वाळला तरी घालत राहिले.

"छान झालंय," मी म्हणाले.

"वाळलं की भर," ते म्हणाले आणि न्हाणीघरात गेले.

मुंबईला भाऊ आला होता. तो म्हणाला, "सिरीयस आहे अजून." मी म्हणाले, "चला मग लवकर." त्याने गाडी ठरवली होती. सगळ्या वाटेत पुरुष रस्त्याबद्दल बोलत होते. महाडला चहा घेतला. यजमानांनी माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि मी दोन खाल्ली, ते पाहत होते म्हणून. मी खाल्लं याचं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनीही एक घेतलं.

अंगणात गाडी थांबली तेव्हा आई पायरीवर होती. ती मला पाहून उठली आणि ओरडली. मग मला रडता आलं. यजमान मला धरून म्हणत होते, "मी सांगणारच होतो, गं. मी सांगणारच होतो." मला आधीच कळलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी रडण्यात राहिलं, मग क्रियाकर्मात राहिलं, आणि मग सांगण्यासारखी वेळच उरली नाही.

अग्नी सोमवारीच दिला होता. वॉटरबॅग बॅगेतून कुणी बाहेर काढली नाही. ती आमच्याबरोबर बहरीनला परत आली.

महिन्याभराने मी पुन्हा मॅडमकडे गेले. जाणार नव्हते, पण घरात बसवत नव्हतं. त्यांनी माझी पावलं ओळखली.

"त्याला कळू दिलंस?"

"नाही."

"कधीपर्यंत?"

"घर येईपर्यंत."

त्या म्हणाल्या, "मग तू माझ्यापेक्षा चांगली नटी आहेस."

"मी नटी नाही, मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा. "तुम्ही मला सांगायला नको होतं."

"असेल," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजवर समजलेलं नाही. कदाचित मी तरीही कामाला उभी राहिले असते. पण मग ते मी केलेलं असतं." आणि मग, "वाच."

मी वाचलं. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. त्यांनी ती तारेची गोष्टही पुन्हा सांगितली नाही. बोटीच्या गोष्टी सांगत राहिल्या, पण वादळं लहान होत गेली. चाचांना मी तसं म्हणाले तर ते म्हणाले, "मग खलास, बाय." पुढल्या उन्हाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. मनामातल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं तेव्हा साहेब, पाद्री, ऑफिसातले चार इंग्रज, चाचा आणि आम्ही दोघं होतो. त्यांचं काम पाहिलेलं माणूस त्यात कुणीच नव्हतं. बहुधा जगातच कुठे राहिलं नसेल. साहेब बदली होऊन गेले, फोटो त्यांच्याबरोबर गेला.

आम्हाला दुसरं मूल झालं नाही. आम्ही बहरीनला राहिलो. ऐंशी सालाच्या पुढे हिद्दला कंपनीची जागा मिळाली, तीन खोल्या, जी मुलीसाठी मागितली होती. एका वर्षी आमच्या ओळखीच्या एका फिटरची बायको सावंतवाडीकडे बाळंतपणात गेली. सगळे यजमानांकडे जमले. नेहमीसारखं ठरलं, सिरीयस म्हणून सांगायचं, तिकीट काढायचं, विमानात शेजारी कुणीतरी बसवायचा. यजमान ऐकून घेत होते. मग उठले, शर्ट घातला, एकटेच त्या माणसाच्या खोलीवर गेले आणि त्याला सरळ सांगून आले. मंडळी फार चिडली. एक जण तोंडावर म्हणाला, "तुम्हाला काळीज आहे की नाही? दोन दिवस निघाले असते बिचाऱ्याचे."

सगळे गेल्यावर मी विचारलं, "का सांगून टाकलंत?"

ते जेवायला बसले होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "न सांगता त्याला कळलंच असतं. मग तो आपल्यासाठी गप्प बसला असता."

मी त्यांना भात वाढला. पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत विचारायची तेवढी एकच वेळ आली होती.

यजमान गेल्या वर्षी गेले. मी जवळ होते, कुणाला मला काही सांगावं लागलं नाही. त्यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा दिला, ड्रॉइंगची हत्यारं एका शिकणाऱ्या मुलीला दिली. वॉटरबॅग माझ्याकडे आहे. लाल रंग उडाला आहे, पट्टा तुटला आहे. नाव अजून वाचता येतं.